आठ रायफली, एक सही

भगवान शिरसाटला इंग्लंडात येऊन वीस वर्षं झाली होती, आणि पासपोर्ट सोडला तर त्या वीस वर्षांत घरातल्या एकाही कागदावर त्याची सही नव्हती. कौन्सिलच्या घराच्या कागदांवर गिरिजाची सही, गॅसवाल्याच्या कार्डावर गिरिजाची, मुलीच्या, सुप्रभाच्या, शाळेच्या ट्रिपच्या फॉर्मवरही गिरिजाचीच. स्लाऊमधल्या त्यांच्या ओळखीच्या लोकांना ह्याची गंमत वाटायची. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमासाठी एकदा त्याला सेक्रेटरी केलं, तर दुसऱ्या दिवशी तो राजीनामा घेऊन हजर. राजीनाम्यावरसुद्धा सही बायकोची होती.

"आमच्या घरात पेन माझं," गिरिजा हसून सांगायची. "ह्यांच्याकडे कानस."

ती हसायची, पण कारण तिला माहीत होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी, मुंबईजवळच्या एका सरकारी कारखान्यात भगवान फिटर असताना, फोरमनने घाईघाईत त्याच्यापुढे एक तपासणीची स्लिप धरली होती. दोनशे पिना. "मोजल्यात मी, तू कर सही." भगवानने केली. त्यातल्या अकरा पिना खराब निघून परत आल्या. फोरमनने हात वर केले आणि भगवान चार महिने सस्पेंड होऊन घरी बसला. चाळीतल्या नळावर बायका गिरिजाला पाहून आवाज खाली करायच्या. नोकरी परत मिळाली, पण त्या दिवसापासून कागदाच्या तळाची ती टिंबांची रेघ दिसली, की तो कागद गिरिजाकडे सरकवायचा.

स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटच्या मागे एका विटांच्या शेडमध्ये मिस्टर पार्जिटर नावाच्या म्हाताऱ्याचं वर्कशॉप होतं. तिथे निशाणेबाजीच्या रायफली तयार व्हायच्या, दुरुस्त व्हायच्या. भगवान सोळा वर्षं तिथे कामाला होता. त्याने जन्मात एकदाही गोळी झाडली नव्हती. त्याचं काम रिसीव्हर दस्त्यात बसवण्याचं. रिसीव्हर म्हणजे रायफलचं मधलं पोलादी घर. पुढून त्यात नळी आवळलेली असते आणि आत गोळी बसते. हे घर लाकडी दस्त्यात नुसतं ठेवून भागत नाही. लाकूड फुगतं, आक्रसतं. म्हणून दस्त्याची खाच थोडी मोठी कोरायची, तिच्यात राळेसारखं घट्ट इपॉक्सी भरायचं, रिसीव्हरला मेण चोळून तो त्यात दाबायचा आणि सकाळपर्यंत वाळू द्यायचा. मेणामुळे तो सुटून येतो आणि त्याच्या अंगाचा हुबेहूब साचा मागे राहतो. ह्याला बेडिंग म्हणतात. बेडिंग चांगलं असेल, तर रायफल दर वेळी त्याच जागी, तशीच बसते, आणि गोळ्या एकमेकींच्या शेजारी जातात.

पार्जिटर फार बोलायचा नाही. भगवानने बेडिंग केलं की तो अंगठ्याने दस्ता चाचपायचा, 'हं' म्हणायचा आणि कागदावर सही करायचा. भगवानला ह्याहून जास्त काही नको होतं.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत पार्जिटरला पक्षाघात झाला. वाचा गेली, उजवा हात गेला. त्याच आठवड्यात काउंटीच्या नेमबाज टीमचं पत्र आलं. टीमला एकसारख्या आठ रायफली हव्या होत्या. मागच्या रायफली ऐन स्पर्धेत बिघडल्या होत्या, त्यामुळे ह्या वेळी कमिटीने अट घातली होती: रिसीव्हर कोणता घ्यावा, का घ्यावा हे वर्कशॉपने लिहून द्यावं, पुन्हा बेडिंग न करता तीन सीझन नेम टिकला पाहिजे, आणि शिफारशीखाली मालकाची नव्हे, बेडिंग करणाऱ्या कारागिराची सही पाहिजे. मुदत पंधरा दिवसांची.

पार्जिटरचा जावई नायजेल आता वर्कशॉप पाहायला लागला होता. तिशीतला, ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या ऑफिसात नोकरी केलेला. त्याने पत्र मोठ्याने वाचलं आणि भगवानपुढे ठेवलं. 'भगवान'चं त्याने 'बॅग्ज' करून टाकलं होतं.

"बॅग्ज, हे तुझं."

"मिस्टर पार्जिटर बरे होतील," भगवान म्हणाला.

"पंधरा दिवसांत नाही होणार."

इस्टेटमधले कारखाने त्या वर्षी एकामागून एक बंद होत होते. समोरच्या शेडवर टाळं लागून महिना झाला होता. ही ऑर्डर गेली तर आपल्या शेडचं काय, हे दोघांनाही माहीत होतं.

नायजेलने दोन कंपन्यांचे रिसीव्हर नमुन्याला आणले. एक गोल अंगाचा, लेथवर वळलेला, चकचकीत, देखणा. त्याचा खालचा दात पातळ होता आणि नळीच्या मागे वॉशरसारखा अडकवलेला होता. गोळी सुटताना रायफलला मागे धक्का बसतो. तो ह्याच दाताने अडवायचा असतो. दुसरा रिसीव्हर बोजड. बूड सपाट, बाजू सपाट, आणि दात त्याच पोलादातून कोरलेला, रुंद आणि खोल. गोळ्यांच्या मॅगझिनसाठी पोटाला भोक पाडलेलं नव्हतं. एकेक गोळी हाताने भरायची. त्यामुळे तो वाकायचा, पिळवटायचा प्रश्न कमी. दस्त्याला आवळायचे स्क्रूही एकमेकांपासून लांब होते.

भगवानच्या हातांना उत्तर माहीत होतं. दर मार्च महिन्यात दुरुस्तीला येणाऱ्या रायफलींत गोल बुडाच्या जास्त असायच्या. गोळी नळीत गिरकी घेत जाते आणि रायफलला उलट्या बाजूला पीळ देते. गोल बुडाला अडवायला कोपरा नसतो. पहिले काही महिने नवा साचा त्याला घट्ट धरून ठेवतो, मग केसभर, मग दोन केस, साचा झिजत जातो. पण हातांना माहीत असणं वेगळं आणि कागदावर लिहून देणं वेगळं. भगवानने दोन्हींचं बेडिंग केलं आणि नायजेलला म्हणाला, "गोळ्या झाडून बघू. कागद सांगेल." आपल्याऐवजी दुसऱ्या कोणीतरी सांगावं, एवढीच त्याची इच्छा होती.

शनिवारी सरेमधल्या रेंजवर टीमतर्फे टफनेलबाई आल्या. साठीच्या, शाळेच्या स्वयंपाकघरातून रिटायर झालेल्या, गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या. त्या चटईवर पालथ्या पडल्या आणि गोल रिसीव्हरच्या रायफलने तीनशे यार्डांवर दहा गोळ्या झाडल्या. लक्ष्याचा कागद आणला तेव्हा दहाही भोकं चहाच्या कपाच्या बुडाएवढ्या जागेत होती.

मग सपाट बुडाची रायफल. दर आवाजाला भगवानचे खांदे वर जात होते. कागद आला. भोकं बशीएवढ्या जागेत विखुरलेली.

टफनेलबाई उठून बसल्या आणि गुडघे चोळत म्हणाल्या, "हिच्या पोटात काहीतरी दुखतंय."

"झालं तर मग," नायजेल म्हणाला. "कागद बोलला. तुलाच हवं होतं ना, बॅग्ज? शुक्रवारी गोलवर सही कर, पोस्टात टाकतो."

परतीच्या गाडीत भगवान मांडीवर दोन्ही कागद घेऊन बसला होता. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. गोल रिसीव्हरवर सही केली तर कोणी काही म्हणणार नव्हतं. पुरावा होता, साक्षीदार होते. उद्या रायफली बिघडल्या तरी तो म्हणू शकला असता, टेस्ट तर तुमच्यासमोर झाली. फोरमनने जसे हात वर केले होते, तसे वर करता आले असते. ह्या विचाराने त्याला जास्तच भीती वाटली.

रविवारी तो सपाट रायफलचा नुसता लाकडी दस्ता घरी घेऊन आला. नळी नाही, पोलाद नाही, त्याला लायसन्स लागत नव्हतं. तरी तो जुन्या चादरीत गुंडाळून, वर दोरी बांधून आणला. चार वर्षांपूर्वी ह्याच परगण्यात एका माणसाने बंदुकीने लोकांना मारलं होतं, आणि तेव्हापासून बसमध्ये लांबोळकं काही हातात असलं की भगवानला वाटे, सगळे आपल्याकडेच बघतायत. त्या दिवशी ड्रायव्हरने विचारलं, "फिशिंग?" भगवानने मान हलवली आणि दोन स्टॉप आधीच उतरून चालत आला.

गिरिजा पोळ्या लाटत होती. त्याने टेबलाच्या दुसऱ्या कडेला वर्तमानपत्र पसरलं आणि दस्ता ठेवला.

"ह्याच्याशी आता जेवायचं का?" तिने विचारलं.

"जरा बघतो."

"काल जिंकला तो गोल ना? मग ह्याला कशाला पुसताय?"

भगवानने तिला पुन्हा सगळं सांगितलं. ऐकता ऐकता गिरिजाने फळीवरचा तांब्या काढला आणि पाणी भरून टेबलावर ठेवला. आईकडून आणलेला, गोल बुडाचा. त्याच्याखाली तिने फडक्याची वळलेली चुंबळ सारली.

"हा बघा तुमचा गोल," ती म्हणाली. "नवी चुंबळ केली की आठ दिवस राजासारखा बसतो. मग फडकं दबतं, आणि हा लागतो डुलायला. आणि तो तुमच्या डाळीचा स्टीलचा डबा. बारा वर्षं झाली, कुठे चुंबळ लागली त्याला?"

"पण काल डबाच हलला, गिरिजा."

"मग डब्याखाली काहीतरी आलं असेल."

ती सहज बोलली आणि तव्याकडे वळली. भगवानने मात्र चष्मा पुसला. मग दस्ता खिडकीच्या उजेडात तिरपा धरला. इपॉक्सीचा साचा सुरेख होता, कुठे बुडबुडा नाही. पण बुडाच्या सपाट भागावर सगळीकडे एकसारखी मंद झाक होती, आणि दाताच्या खोबणीचा तळ तेवढा घासून चकाकत होता. त्याने सुईच्या टोकाने खोबणी खरवडली. टोकावर भुरकट चुरा आला. इपॉक्सीचा.

त्याच्या लक्षात आलं.

त्याने दात चारही बाजूंनी आणि तळाशीही घट्ट बसवला होता. मुंबईच्या कारखान्यात फिटरला पहिला धडा हाच मिळायचा: दोन भागांच्या मधे कागद जाता कामा नये. पण बेडिंगमध्ये दाताची फक्त मागची बाजू टेकायला हवी. पुढे, बाजूंना आणि खाली चिकटपट्टीच्या जाडीएवढी मोकळीक लागते. हे पार्जिटर स्वतः करायचा. बेडिंगआधी तो दाताला पट्टी लावून रिसीव्हर भगवानच्या हातात द्यायचा. पातळ दाताच्या गोल रिसीव्हरला कंपनीनेच तेवढी जागा सोडली होती. सपाटच्या वेळी पट्टी लावायला पार्जिटर नव्हता, आणि भगवानचे हात जुन्या धड्यावर गेले होते. त्यात नायजेलला दाखवायला त्याने रिसीव्हर चार वेळा काढला-घातला. दर वेळी घट्ट दाताने भिंती खरवडल्या, चुरा तळाशी पडला, आणि ते सबंध बोजड पोलाद बुडावर बसायचं सोडून चिमूटभर चुऱ्यावर उभं राहिलं. चौथ्या पायाखाली खडा आलेल्या टेबलासारखं.

"काय झालं?" गिरिजाने वळून पाहिलं. "चेहरा असा का?"

"माझी चूक आहे," तो म्हणाला. "रिसीव्हरची नाही. माझी."

"मग बरं झालं की. सापडली."

"बरं कसलं. हे आता लिहून द्यायला लागेल. मी चुकलो, आणि तरीही माझंच ऐका, असं. आणि खाली सही."

गिरिजाने गॅस बारीक केला. "आणि नाही लिहिलं तर?"

"तर गोल जाईल. कोणी काही म्हणणार नाही."

"किती दिवस?"

भगवानने सुईचं टोक फडक्याला पुसलं. सुप्रभा वरून खाली आली, टेबलावरचं लाकूड पाहून तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणाली, "बाबा, तो रायफल इथे का आला?" आणि पोळी घेऊन परत वर गेली.

सोमवारी सकाळी भगवान नायजेलसमोर उभा राहिला. त्याने वाक्यं बसमध्ये पाठ केली होती, तरी निम्मी विसरला. नायजेलने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू चुकलास."

"हो."

"सोळा वर्षं हेच काम करतोयस आणि चुकलास."

"हो."

"आणि मी कमिटीला सांगायचं, जो कागदावर हरला तोच घ्या."

"पट्टी लावून बेडिंग पुन्हा करतो. पुन्हा टेस्ट करू."

"रेंज दोन आठवडे आर्मीकडे आहे. पत्र शुक्रवारी जायला हवं." नायजेलने दोन्ही हात डोक्यामागे घेतले. "मी तुला अडवत नाही, बॅग्ज. पण नाव तुझं. उद्या काही झालं तर मी तिथे नव्हतो."

हे वाक्य भगवानने पूर्वी ऐकलं होतं, दुसऱ्या भाषेत.

पत्र त्याने घरी लिहिलं. सुप्रभाने स्पेलिंग सुधारलं. सपाट बूड का, दात रुंद का, पोटाला भोक का नको, पाच-सहा ओळींत आलं. मग एक ओळ: शनिवारच्या टेस्टमध्ये ह्या रायफलच्या गोळ्या विखुरल्या, कारण दाताखाली मोकळीक सोडायची मी विसरलो; दोष रिसीव्हरचा नव्हे. ती ओळ त्याने तीनदा खोडली आणि चौथ्यांदा ठेवली. गिरिजाने पेनचं टोपण काढून पेन त्याच्या हातात दिलं आणि भाजी निवडायला बसली. तिने पाहिलं नाही, हे तिने मुद्दामच केलं. सही वाकडी आली, 'शिरसाट'मधला शेवटचा 'ट' रेघेखाली घसरला.

कमिटीने सपाट रिसीव्हर घेतला. टफनेलबाईंनी तिथे म्हणे सांगितलं, की स्वतःची चूक लिहिणारा कारागीर आपण कधी पाहिला नव्हता. नायजेलने हे कौतुकाने सांगितलं, पण भगवानला त्यात फक्त एवढंच ऐकू आलं, की आता आठ घरांत आपलं नाव माहीत झालं.

लोकांना वाटलं, सही केली म्हणजे भीती संपली असेल. ती तर सुरू झाली. एक वाईट रायफल पहिल्याच दिवशी कळते. चांगली रायफल चांगली आहे हे कळायला तीन वर्षं जावी लागतात. पहिल्या सीझनभर दर सोमवारी वर्कशॉपचा फोन वाजला की भगवान कानस घेऊन मागच्या खोलीत जायचा. पावसाळी शनिवारी त्याला जेवण जायचं नाही. ओल्या दस्त्यांचं काय होत असेल ह्याचा विचार करत तो खिडकीशी उभा राहायचा. टीम कधी जिंकली, कधी हरली. हरल्याचं कळलं की त्याला वाटे, साचा गेला. टफनेलबाईंनी एकदा वर्कशॉपमध्ये येऊन त्याला सांगितलं, "अहो, त्या दिवशी वारा होता. वाऱ्यालाही थोडा दोष घेऊ द्या." तो हसला, आणि संध्याकाळी पुन्हा आठही दस्ते मनात चाचपले. दुसऱ्या हिवाळ्यात पार्जिटर वारला. त्याच्या अंत्यविधीला भगवान मागच्या बाकावर बसला होता, आणि त्याही वेळी त्याच्या मनात आलं, आता 'हं' म्हणणारं कोणी उरलं नाही.

त्र्याण्णवच्या ऑक्टोबरमध्ये तिसरा सीझन संपला आणि आठही रायफली तपासणीला आल्या. भगवानने पहिली शिकंज्यात धरली. डाव्या हाताची तर्जनी नळी आणि दस्ता मिळतात त्या फटीवर ठेवली, उजव्या हाताने पुढचा स्क्रू सैल केला. साचा झिजला असेल, तर स्क्रू सुटताच पोलाद उसळतं आणि बोटाला कळतं. डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला कळतं. त्याने श्वास धरला. स्क्रू सुटला. बोटाखाली काही हललं नाही.

दुसरी नाही. तिसरी नाही. चौथीच्या आधी त्याने हात धुतले, कारण घामाने बोट बधिर झाल्यासारखं वाटत होतं. पाचवी, सहावी, सातवी. नायजेल दारात येऊन उभा होता, कॉफीचा मग हातात तसाच.

आठवी हलली. केसाच्या निम्म्याने, पण हलली.

भगवानने स्क्रू पुन्हा आवळला, पुन्हा सैल केला. पुन्हा हलली. मग त्याने रिसीव्हर बाहेर काढला. साच्याच्या मागच्या कोपऱ्यात वाटाण्याएवढा पोकळ भाग होता. ओततानाच राहिलेला बुडबुडा, पातळ पापुद्र्याखाली लपलेला, आता फुटलेला. त्याचंच काम. सपाट बूड होतं म्हणून ते तीन वर्षं तगलं होतं. गोल असतं तर पहिल्याच सीझनला गेलं असतं. पण बुडबुडा त्याचाच होता.

"एवढ्याने काय होतंय," नायजेल म्हणाला. "तिने शेवटच्या मॅचलाही चांगलं केलंय. भरून टाक आणि आठ लिही."

भगवानने तपासणीचा कागद पुढे ओढला.  हात टेबलाच्या कडेला टेकवला. सात रायफली जशाच्या तशा, त्याने लिहिलं. आठवीच्या बेडिंगमध्ये बुडबुडा राहिला होता, चूक माझी, पुन्हा करून देतो. खाली टिंबांची रेघ होती. कागद सरकवायला इथे गिरिजा नव्हती. त्याने सही केली.

दुपारी उशिरा तो घरी आला तेव्हा गिरिजाची ड्यूटी संपून ती नुकतीच पोचली होती. हॉस्पिटलचा निळा कोट अजून अंगावरच होता.

"किती?" तिने विचारलं.

"सात."

"आणि आठवी?"

"हलली. लिहून दिलं."

गिरिजाने कोट काढून खुंटीला टांगला. मग तिने फ्रीजवर चुंबकाने लावलेला सुप्रभाच्या कॉलेज ग्रँटचा फॉर्म काढला. पालकाच्या सहीची जागा मोकळी होती, आठवडाभर तशीच होती. तिने तो टेबलावर ठेवला.

"वाचून घ्या आधी," ती म्हणाली. "सगळा. पाठीमागचाही."

भगवानने खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.